यंदा बेअर्सच्या ऑफेन्सकडून मला काय हवंय

आठ सप्टेंबर २०२५ ला, सोमवारी संध्याकाळी सव्वासातला, सोल्जर फील्डवर शिकागो बेअर्सची, म्हणजे आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमची, सीझनची पहिली मॅच आहे, समोर मिनेसोटा वायकिंग्ज. त्याच्या आधीच्या शनिवारी अनंत चतुर्दशी. त्यामुळे सध्या आमच्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आरतीच्या वेळा, उकडीच्या मोदकांचे फोटो आणि मध्ये-मध्ये आमचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सच्या प्रॅक्टिसच्या क्लिप्स असं सगळं एकत्र चाललंय. प्रसादाचा शिरा कोण आणतंय विचारलं की त्याच्या खाली लगेच कुणीतरी विचारतं, लेफ्ट टॅकलला शेवटी कोण उभा राहणार? पुण्याहून दादाचा फोन आला तर तोही आधी गणपती कसे झाले विचारतो आणि मग म्हणतो, काय गं, तुमचा तो नवीन कोच खरंच एवढा भारी आहे का? त्याच्याकडे तेव्हा मंगळवार पहाटेचे पावणेसहा वाजलेले असणार, पण उठून बघणार म्हणालाय.

तर दादासाठी, आणि ग्रुपवर गेले दोन आठवडे केलेब आणि नव्या कोचवरून जो वाद चाललाय त्यासाठी, एकदाच नीट लिहून काढते. मला यंदा आशा आहे, खूप आहे. आणि ती फक्त केलेबवर नाहीये. शिकागोने आजवर दर वेळी एक पोरगा आणला, त्याच्या खांद्यावर सगळं टाकलं आणि तो मोडला की दुसरा आणला. यावेळी पहिल्यांदा त्या पोराच्या आजूबाजूला जे लागतं ते आणलंय. कोच आणलाय, बेन जॉन्सन, लाईन आणलीय. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पुढचं सगळं त्याचं कारण.

दादा, तुला खेळ थोडा माहितीये पण थोडक्यात सांगते. बॉल ज्यांच्याकडे ते ऑफेन्स, अडवणारे ते डिफेन्स. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात की परत चार प्रयत्न, पार टोकाला पोचलात की टचडाऊन. बॉल क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि त्याच्याकडे साधारण अडीच-तीन सेकंद असतात, तेवढ्यात त्याने कुणाला तरी पास टाकायचा, नाहीतर रनिंग बॅककडे द्यायचा, नाहीतर स्वतः पळायचं. त्याच्या पुढे पाच धिप्पाड लोक उभे असतात, ती ऑफेन्सिव्ह लाईन, त्यांचं काम समोरच्यांना अडवायचं. त्यांनी अडवलं नाही किंवा क्वार्टरबॅकने बॉल जास्त वेळ धरून ठेवला की समोरचे येऊन त्याला आडवा करतात, तो सॅक. सॅक झाला की यार्ड मागे जातात, प्रयत्न वाया जातो आणि माणसाची हाडं खिळखिळी होतात ते वेगळंच.

आता आपल्या तीन क्वार्टरबॅकच्या तीन तारखा बघ. ३ ऑक्टोबर २०१०, न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध जे कटलर, पहिल्या हाफमध्येच नऊ सॅक, डोक्याला मार लागून बाहेर, दुसऱ्या हाफमध्ये आलाच नाही. २६ सप्टेंबर २०२१, क्लीव्हलँडमध्ये जस्टिन फील्ड्सची आयुष्यातली पहिली स्टार्ट, नऊ सॅक, आणि सॅकमध्ये गेलेले यार्ड वजा केले तर अख्ख्या मॅचमध्ये टीमच्या पासिंगची नेट कमाई एक यार्ड. एक! १० नोव्हेंबर २०२४, न्यू इंग्लंड पेट्रिअट्स, आपल्याच मैदानात, केलेब विल्यम्स, नऊ सॅक, १९-३ ने हार. तीन वेगळी पोरं, तिघांचे कोच वेगळे, तिघांची पद्धत वेगळी, आणि दर वेळी नऊ. कटलर चिडका होता म्हणून, फील्ड्सला डिफेन्स वाचता येत नव्हता म्हणून, केलेब बॉल धरून ठेवतो म्हणून, असं प्रत्येकाचं काहीतरी कारण लोकांनी सांगितलं आणि त्यात थोडंफार तथ्य असेलही, पण तीनदा तेच घडतं तेव्हा पोरांकडे बोट दाखवून भागत नाही.

मी इथे आले तेव्हा रेक्स ग्रॉसमन क्वार्टरबॅक होता. फेब्रुवारी २००७ मध्ये आपण सुपर बोल खेळलो, डेव्हिन हेस्टरने पहिलीच किक पकडून थेट टचडाऊनपर्यंत पळवली, घरात सगळे सोफ्यावरून उठून नाचलो, आणि मग कोल्ट्सने २९-१७ ने हरवलं. तेव्हा मला निम्मे नियमही कळत नव्हते. पण एवढं कळलं होतं की या गावात डिफेन्स पिढ्यानपिढ्या मिळतो आणि क्वार्टरबॅक मात्र मिळत नाही. आकडा सांगायचा तर लीगमध्ये ३२ टीम आहेत, त्यातल्या ३१ टीमच्या कुठल्या ना कुठल्या क्वार्टरबॅकने एका सीझनमध्ये ४,००० यार्ड पासिंग केलंय. राहिलेली एक टीम म्हणजे आपण. २०२४ च्या सीझनपर्यंत आपला रेकॉर्ड एरिक क्रेमरचा ३,८३८ यार्डांचा, तो १९९५ चा. तीस वर्षं झाली. आणि तिकडे वर ग्रीन बेला १९९२ पासून ब्रेट फार्व्ह, मग २००८ पासून ॲरन रॉजर्स, मग २०२३ पासून जॉर्डन लव्ह, म्हणजे तीन नावांत तीन दशकं. आपली तेवढ्याच काळातली नावं तीसच्या वर जातात.

मजा म्हणजे क्वार्टरबॅक आजच्या रूपात जगाला दाखवला तो याच टीमने. १९४० मध्ये जॉर्ज हॅलसच्या बेअर्सनी सिड लकमनला सेंटरच्या, म्हणजे लाईनच्या मधल्या, बॉल मागे देणाऱ्या माणसाच्या, अगदी मागे उभं केलं, टी फॉर्मेशन म्हणतात त्याला, आणि चॅम्पियनशिपच्या मॅचमध्ये वॉशिंग्टनला ७३-० ने धुतलं. ७३-०! त्यानंतर सगळ्यांनी ती पद्धत उचलली. हॅलसची मुलगी व्हर्जिनिया मकॅस्की टीमची मालकीण होती, यावर्षी फेब्रुवारीत १०२ व्या वर्षी गेली. तिने लकमनही बघितला आणि केलेबही. माझ्या ऑफिसमधल्या एक आजी, जन्मापासून शिकागोच्या साऊथ साईडच्या, त्या बातमीने दोन दिवस अस्वस्थ होत्या, घरचं माणूस गेल्यासारख्या.

पण इतिहासातली मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे कटलरचे कोऑर्डिनेटर, ऑफेन्स सांभाळणारे कोच. तो २००९ ला आला आणि २०१६ पर्यंत होता. आठ वर्षं. ऑफेन्स चालवणारे कोण कोण? रॉन टर्नर, मग माईक मार्ट्झ, मग माईक टाईस, मग मार्क ट्रेस्टमन कोच असताना ॲरन क्रोमर, मग ॲडम गेस, मग डोवेल लॉगेन्स. आठ वर्षांत सहा माणसं! प्रत्येकाची भाषा वेगळी, प्ले (ठरवलेली चाल) सांगायची पद्धत वेगळी, क्वार्टरबॅकने बॉल घेऊन किती पावलं मागे जायचं ते वेगळं. मार्ट्झला खोल पास हवे असायचे, म्हणजे सात पावलं मागे आणि थांबायचं, आणि पुढची लाईन तर तेवढा वेळ धरत नव्हती, मग जायंट्सचे ते नऊ सॅक होणार नाहीत तर काय. आणि एवढं सगळं होऊनही बेअर्सकडून सगळ्यात जास्त पासिंग यार्ड आजही कटलरच्याच नावावर आहेत. त्याला एकच ऑफेन्स सलग पाच वर्षं मिळाला असता तर काय झालं असतं हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

केलेबचं पहिलं वर्षही त्याच वाटेने गेलं. २०२४ च्या ड्राफ्टमधला (कॉलेजच्या पोरांची टीमनी करायची दरवर्षीची निवड) पहिला नंबर, युएससी कॉलेजचा, २०२२ चा हाईझमन (कॉलेज फुटबॉलचा सगळ्यात मोठा पुरस्कार) विजेता. चार जिंकल्या, दोन हरल्या, ४-२ अशी सुरुवात, आम्ही सगळे हवेत. मग २७ ऑक्टोबर, वॉशिंग्टन, घड्याळ शून्यावर आलेलं, जेडन डॅनियल्सने देवाचं नाव घेऊन फेकलेला तो बॉल, हातांना लागून मागे उडाला आणि त्यांच्या नोआ ब्राऊनच्या हातात पडला. १८-१५. हातातोंडाशी आलेला घास गेला आणि तिथून टीम सावरलीच नाही, सलग दहा मॅच हरलो. पेट्रिअट्सच्या मॅचनंतर ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर शेन वॉल्ड्रनला काढलं. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉईटमध्ये टाईमआऊट हातात असताना घड्याळ संपू दिलं, २३-२० ने हरलो, दुसऱ्या दिवशी हेड कोच मॅट इबरफ्लूसलाही काढलं. बेअर्सच्या शंभरहून जास्त वर्षांत सीझन चालू असताना हेड कोचला काढल्याची ही पहिलीच वेळ. म्हणजे बावीस-तेवीस वर्षांच्या त्या पोराने एका वर्षात दोन हेड कोच बघितले आणि प्ले सांगणारे दोन आवाज ऐकले. यावर्षी मे महिन्यात बातमी आली की मॅचचे व्हिडिओ बघताना नक्की काय बघायचं हे त्याला कुणी शिकवतच नव्हतं, तो एकटाच बसायचा. वाचून पोटात तुटलं माझ्या.

आणि तरी त्याचे आकडे बघ. सतराही मॅच खेळला, ३,५४१ यार्ड, २० टचडाऊन आणि फक्त ६ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास). सॅक ६८. लीगच्या इतिहासात एका सीझनमध्ये एका माणसाला याहून जास्त सॅक फक्त दोनदा झालेत. ६८ वेळा जमिनीवर आपटलेला पोरगा सतराव्या मॅचलाही उभा होता, आणि ती मॅच ग्रीन बेच्या घरात जिंकला, २४-२२, कैरो सँटोसच्या शेवटच्या किकवर. पॅकर्सविरुद्धची ती सलग हारण्याची साडेसाती तिथे संपली. सीझन ५-१२ चा होता, प्लेऑफशी काही घेणंदेणं नव्हतं, आणि तरी आमच्या गल्लीत लोकांनी हॉर्न वाजवले.

माझी खरी खात्री झाली ती मात्र हरलेल्या एका मॅचमध्ये. २४ नोव्हेंबर, हेच वायकिंग्ज, हेच सोल्जर फील्ड. आपण अकरा पॉइंटने मागे, खूप लोक पार्किंगकडे निघालेले. २२ सेकंद उरले असताना केलेबने कीनन ॲलनला टचडाऊन टाकला, मग डीजे मूरला दोन पॉइंटचा पास, मग ऑनसाईड किक (बॉल परत मिळवायला मुद्दाम जवळ मारलेली) आपल्याच हाताला लागली, परत मूरला लांब पास, आणि सँटोसने फील्ड गोल मारून बरोबरी केली. ओव्हरटाईममध्ये ३०-२७ ने गेलो ते गेलो. पण त्या २२ सेकंदांत केलेबचा चेहरा टीव्हीवर जवळून दाखवत होते आणि त्यावर घाईचा लवलेश नव्हता, हात खाली सोडलेले, हेल्मेटच्या आतून इकडे-तिकडे बघून प्रत्येकाला जागा दाखवत होता. ३४० यार्ड केले त्या दिवशी त्याने. ब्रायन फ्लोरेसच्या डिफेन्ससमोर, जो माणूस कुठून कधी कोणाला अंगावर सोडेल सांगता येत नाही.

आता बेन जॉन्सन. दादा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो, भारी आहे. आणि मी ते त्याच्याकडून मार खाऊन शिकलेय. २२ डिसेंबरला तो डेट्रॉईट लायन्सचा कोऑर्डिनेटर म्हणून सोल्जर फील्डवर आला होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये लायन्सच्या जॅरेड गॉफने बॉल घेतला आणि मागे जाताना अडखळला, बाजूला त्यांचा रनिंग बॅक जाहमीर गिब्स सरळ पोटावर आडवा पडला, आमच्या घरात मुलगा आणि त्याचे बाबा दोघंही "फंबल! फंबल!" (बॉल सुटला) ओरडत उठले, बेअर्सचे डिफेंडर पण त्याच बाजूला धावले, आणि तेवढ्यात गॉफ ताठ उभा राहून त्याने मोकळ्या उभ्या असलेल्या सॅम लापोर्टाला २१ यार्डांचा टचडाऊन टाकला. अडखळणं खोटं, पडणं खोटं, सगळं ठरवलेलं, सगळं आठवडाभर प्रॅक्टिस केलेलं. ३४-१७ हरलो. महिन्याभरात आपण त्याच माणसाला हेड कोच केलं, आणि बातमी आली तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून जोरात ओरडले.

पण त्याच्या ट्रिक प्लेंच्या क्लिप्स फिरतात म्हणून त्याला फक्त करामती समजू नका, हे मी ग्रुपवर पण सांगून सांगून थकले. त्याची खरी ताकद साध्या गोष्टीत आहे. क्वार्टरबॅक सेंटरच्या मागे चिकटून उभा, रनिंग बॅक मागे, स्नॅपच्या (सेंटरने बॉल मागे देण्याच्या) आधी कुणीतरी एका बाजूने दुसऱ्या बाजूला पळत जातो, ते मोशन, आणि त्या एकाच दिसण्यातून कधी रन निघतो, कधी पास. लेगस्पिनरची गुगली असते ना, हात तोच, रनअप तोच, बॉल मात्र उलटा वळतो, तसं. डिफेंडर रन समजून एक पाऊल पुढे टाकतो आणि त्याच्या मागची जागा रिकामी होते, पास तिथे जातो. गॉफला रॅम्सनी २०२१ मध्ये जवळजवळ ओझं म्हणून डेट्रॉईटला दिला होता. २०२२ मध्ये जॉन्सन कोऑर्डिनेटर झाला, आणि २०२४ मध्ये त्याच गॉफला घेऊन लायन्सनी ५६४ पॉइंट केले, लीगमध्ये सगळ्यात जास्त, १५-२. गणित आणि कॉम्प्युटर सायन्स शिकलेला माणूस आहे, नॉर्थ कॅरोलायनाला. जन्म १९८६ चा, मे महिन्यातला. आपला एकुलता एक सुपर बोल त्याच वर्षी जानेवारीत, ४६-१०, म्हणजे आपण शेवटचं जिंकल्यानंतर जन्मलेला माणूस आता आपला कोच आहे.

केलेबसाठी हे सोपं नाहीये, ते मान्य. कॉलेजमध्ये तो बहुतेक वेळ शॉटगनमध्ये, म्हणजे सेंटरपासून पाच-एक यार्ड मागे उभा राहून खेळला. तिथून सगळं मैदान दिसत असतं. सेंटरच्या मागे उभं राहिलं की प्ले-ॲक्शनमध्ये (रनचं नाटक करून टाकलेल्या पासमध्ये) डिफेन्सकडे काही क्षण पाठ करावी लागते, मग वळून परत सगळं चित्र वाचायचं. त्यात जॉन्सनचे प्ले लांबलचक, हडलमध्ये (प्ले सांगायला जमलेल्या घोळक्यात) ते पूर्ण वाक्य न अडखळता दहा जणांना सांगायचं, मग सगळ्यांना जागेवर उभं करायचं, मग मोशन, मग स्नॅप, आणि तोपर्यंत घड्याळ चालू. ट्रेनिंग कॅम्पमध्ये लेक फॉरेस्टला सुरुवातीला याच गोष्टींवर घोडं अडलं होतं. स्नॅपच्या आधी कुणीतरी हलतंय, कुणी चुकीच्या बाजूला उभं आहे, आणि जॉन्सन अख्ख्या ऑफेन्सला परत हडलमध्ये पाठवतोय, पहिल्यापासून करा म्हणून. त्या बातम्या आल्या की ग्रुपवर रडारड सुरू व्हायची. मला उलट बरं वाटायचं. गेल्या वर्षी याच वेळी कॅम्पच्या सगळ्या बातम्या गोड-गोड होत्या आणि मग काय झालं ते बघितलंच. निदान यावेळी कुणीतरी चूक चालवून घेत नाहीये.

लाईनबद्दल बोलायला मला सगळ्यात जास्त आवडतं आणि ऐकायला कुणाला आवडत नाही. मधले तिन्ही नवे. लेफ्ट गार्ड जो थूनी, कॅन्सस सिटीहून ट्रेडमध्ये आणला, चार सुपर बोल जिंकलेला माणूस, दोन पेट्रिअट्सबरोबर आणि दोन चीफ्सबरोबर. सेंटर ड्रू डॅलमन, अटलांटाहून. राईट गार्ड जोना जॅक्सन, रॅम्सकडून, आधी डेट्रॉईटमध्ये जॉन्सनच्या हाताखाली खेळलेला, म्हणजे त्याला ही भाषा आधीच येते. राईट टॅकल डार्नेल राईट आपला जुनाच. लेफ्ट टॅकलवर उन्हाळाभर चुरस होती, ब्रॅक्स्टन जोन्स घोट्याच्या फ्रॅक्चरमधून परत येत होता, दुसऱ्या राऊंडला घेतलेला ऑझी ट्रापिलो होता, आणखी दोघं होते, पण आता जोन्सच उभा राहील असं दिसतंय. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ त्या बाजूला असते, त्याला तिकडून येणारा माणूस दिसत नाही, म्हणून त्या जागेचा एवढा जीव. मला थोडी धाकधूक आहे तिथे. पण मधून येणारा मारा थूनी आणि डॅलमनमुळे थांबला तर केलेबला पुढे एक पाऊल टाकायला जागा मिळेल, आणि ते एक पाऊल पुरतं.

पकडायला माणसं तर भरपूर आहेत. डीजे मूर, दुसऱ्या वर्षातला रोम ओडुंझे, टाईट एंड (अडवणारा आणि पास पकडणाराही) कोल कमेट, मागे डीआंद्रे स्विफ्ट, तोही आधी डेट्रॉईटचाच. ड्राफ्टमध्ये दहाव्या नंबरला मिशिगनचा टाईट एंड कोल्स्टन लव्हलँड घेतला, दुसऱ्या राऊंडला मिझुरीचा लूथर बर्डन. तो बर्डनचा पिक मूळ कॅरोलायनाचा, २०२३ मध्ये आपण पहिला नंबर त्यांना दिला त्या सौद्यातला. त्याच सौद्यात मूर आला, त्याच सौद्यातून केलेबचा पिक आला. एका ट्रेडमधून किती घेतलं आपण, मोजत बसावं.

प्रीसीझनवर, म्हणजे सीझनआधीच्या सराव मॅचवर, फार भिस्त ठेवू नये हे मला कळतं. डॉल्फिन्सबरोबर २४-२४, त्यात केलेब खेळला नाही. १७ ऑगस्टला बिल्सना ३८-० ने हरवलं पण त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक जॉश ॲलन मैदानात उतरलाच नव्हता. तरीही त्या मॅचमधली पहिली ड्राईव्ह मी परत-परत लावून बघतेय. आपल्याच आठ यार्डांच्या रेषेवरून सुरुवात, ९२ यार्ड, आणि शेवटी ओलामिडे झॅकियसला ३६ यार्डांचा टचडाऊन. समोर कोण होतं ते सोडून द्या, केलेबचे पाय बघा. गेल्या वर्षी तो मागे गेला की आणखी मागे जायचा, मग बाजूला, मग परत फिरून दुसऱ्या बाजूला, आणि आपला जीव टांगणीला. इथे तो मागे गेला, थांबला, पाय जमिनीत रोवले आणि बॉल निघाला. जॉन्सनने त्याच्यासमोर ७० टक्के पास पूर्ण करायचं ध्येय ठेवलंय म्हणे, गेल्या वर्षी ते साडेबासष्ट टक्के होते. ग्रुपवर सगळे ४,००० यार्डांवर पैजा लावतायत, मला तो ७० चा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. बॉल वेळेवर, जवळच्या मोकळ्या माणसाला, पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नात. तसं झालं की तिसऱ्या प्रयत्नाला बारा यार्ड मागायची वेळ येत नाही, आणि सॅकचा धोका तिथेच जास्त असतो.

भीती आहे का? आहे ना. आपल्याच डिव्हिजनमध्ये गेल्या वर्षी लायन्स १५-२, वायकिंग्ज १४-३, पॅकर्स ११-६ होते. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी बातमी आली की पॅकर्सनी डॅलसकडून मायका पार्सन्स घेतला. आरतीची तयारी सोडून आमच्याकडे चार जण फोनमध्ये डोकं घालून उभे. वर्षातून दोनदा तो माणूस केलेबच्या मागे धावणार. आणि जॉन्सन हेड कोच म्हणून पहिल्यांदाच उभा राहतोय, ऑफेन्स चालवणारा चांगला म्हणजे टीम चालवणारा चांगला असं काही नसतं. ट्रेस्टमनने २०१३ मध्ये पहिल्याच वर्षी पॉइंटमध्ये लीगमध्ये दुसरा नंबर आणला होता, पुढच्याच वर्षी ५-११, आणि घरी. मॅट नेगीने २०१८ मध्ये १२-४ केलं, प्लेऑफमध्ये कोडी पार्कीची ती किक आधी पोलला आणि मग आडव्या बारला लागून बाहेर गेली, आणि त्यानंतर ते ऑफेन्स विझत गेलं. त्यामुळे एका वर्षाच्या यशाने मी हुरळून जाणार नाही, आणि एका वर्षाच्या अपयशाने कुणाला हाकला म्हणणार नाही.

हे मी आत्ताच लिहून ठेवते कारण ऑक्टोबरमध्ये लोक विसरतात. दुसऱ्या आठवड्यात डेट्रॉईटला जायचंय, जॉन्सनच्या जुन्या घरी, तिथे कदाचित फार वाईट हरू. मग घरी डॅलस, मग लास व्हेगास, मग एक आठवडा सुट्टी, आणि १३ ऑक्टोबरला सोमवारी रात्री वॉशिंग्टन, तो बॉल जिथे पडला तेच मैदान. तोपर्यंत १-३ असू आपण, शक्य आहे. तेव्हा रेडिओवर सुरू होईल, राखीव क्वार्टरबॅक टायसन बॅजंटला खेळवा, प्ले दुसऱ्या कुणाला सांगू द्या, आणि आपल्या ग्रुपवर पण तेच येईल. तेव्हा मला कटलरची ती सहा नावं परत टाकायला लावू नका.

माझा अंदाज ९-८. प्लेऑफ कदाचित हुकेल, हुकलं तर शेवटच्या आठवड्यात लायन्सविरुद्ध घरी हुकेल. केलेब क्रेमरचा ३,८३८ चा रेकॉर्ड मोडेल, ४,००० च्या थोडा अलीकडे राहील. सॅक ६८ वरून चाळिसावर आले तर मी या वर्षावर खूश आहे. आणि २०२६ आणि २०२७ ला हाच कोच, हाच क्वार्टरबॅक, हीच प्लेबुक, काहीही झालं तरी. सोमवारी आमच्याकडे बघायला ज्यांना यायचंय त्यांनी साडेसहापर्यंत या, साबुदाणा वडे करणार आहे, मुलांच्या शाळा आहेत म्हणून हाफटाईमला ज्यांना निघायचंय ते निघतील. पहिल्या ड्राईव्हला मात्र कुणी मध्ये बोलू नका, मला केलेबचे पाय बघायचेत.